दाजींना पटलं

आमच्या छापखान्यात मला सगळे वकील म्हणतात. मी वकील नाही. कोर्टाची पायरी आयुष्यात एकदाच चढलो, तीही कसल्याशा शिक्क्यासाठी, आणि तिथे शिक्का मारणाऱ्याशी भांडून आलो. मला वाद घालता येतो, एवढंच. लहानपणापासून येतो. समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यातली फट मला दिसते, आणि एकदा दिसली की मला गप्प बसवत नाही. आई म्हणायची, ह्याच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान उलटून बोलत नाही. मला त्याचा केवढा अभिमान! आता सांगायला बसलोच आहे तर आधीच बजावतो, माझ्याबद्दल चांगलं मत करून घेऊ नका. आणि गोष्ट माझी नाहीच. दाजींची आहे, माझ्या ताईच्या नवऱ्याची.

दाजी छापखान्यात कटर होते. छापून आलेले मोठमोठे ताव मापात कापायचे, हे काम. एकतीस वर्षं एकच मशीन. लोखंडी टेबल, त्यावर कागदाची थप्पी ठेवायची, वरून दाब येऊन ती घट्ट धरतो, मग पातं खाली येतं आणि वीतभर जाडीची थप्पी लोण्यासारखी कापून वर जातं. मला छापखान्यात चिकटवलं ते दाजींनीच. बारावी नापास झालो होतो, घरात बसून वडिलांशी दिवसभर हुज्जत घालायचो. दाजी म्हणाले, ‘चल माझ्याबरोबर, तिथे मशीनचा आवाज मोठा आहे, तुझं कुणाला ऐकू येणार नाही.’

त्यांना खात्यात ‘गुण्या’ म्हणायचे. गवंड्याकडे कोपरा काटकोनात आहे का बघायला लोखंडी गुण्या असतो ना, तो. दाजींनी कापलेल्या थप्पीचा कोपरा कुठूनही बघा, केसभर फरक नाही. मापाची पट्टी लावून झाली तरी ते थप्पीच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, मान थोडी तिरकी करून, आणि मग ‘हं’ म्हणायचे. ते ‘हं’ आल्याशिवाय पातं खाली यायचं नाही. साहेब मागे उभे राहून घड्याळ बघत असले तरी नाही.

दाजींशी वाद घालण्यात काडीची मजा नव्हती. का, तर ते ऐकायचे. म्हणजे खरोखर ऐकायचे हो! आपण काहीतरी फेकावं, समोरच्याने चिडावं, आवाज चढावा, त्यातच तर गंमत. दाजी चिडायचेच नाहीत. खाली बघत ऐकायचे, ‘बघतो’ म्हणायचे आणि कामाला लागायचे. आणि तीन-चार दिवसांनी, आपण सगळं विसरल्यावर, जिन्यात गाठून म्हणायचे, ‘त्या दिवशी तू डिंकाबद्दल म्हणालास ना, ते मला पटलं.’ मला तर मी कोणत्या बाजूने बोललो होतो तेही आठवायचं नाही.

‘अहो दाजी, मी उगाच म्हटलं होतं. मजेत.’

‘असू दे. मुद्दा बरोबर होता.’

असा माणूस. ताई कपाळावर हात मारायची. ताई एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारते, तिचा आवाज रस्त्यापलीकडे जातो, आणि तिला जे वाटतं ते ती त्याच आवाजात सांगते. ती दाजींना म्हणायची, ‘तो तुम्हाला बनवतोय. त्याला काही पटलेलं नसतं, त्याला फक्त जिंकायचं असतं.’ दाजी म्हणायचे, ‘असेल. पण त्याने सांगितलेलं खरं असलं तर मी का सोडू?’

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी मला बाइंडिंग खात्याचा प्रमुख केलं. म्हणजे मी दाजींच्या वर. दुसऱ्या कुणाच्या पोटात दुखलं असतं. दाजींनी खात्यात पेढे... नाही, खोटं कशाला सांगू, त्यांनी काही वाटलंबिटलं नाही. त्या दिवसापासून खात्यात मला ‘वकीलसाहेब’ म्हणायला लागले आणि खात्याबाहेर ‘काय रे’, बस्स. मनापासून खूश होते. मीच काय तो अवघडलो. एकतीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला ‘हे आधी कापा’ म्हणायचं म्हणजे जिभेवर काटा आल्यासारखं व्हायचं. मग मी तेच जरा जोरात म्हणायला लागलो.

आता मशीनची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पातं खाली आणायला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबायची. दोन्ही हात बटणांवर असले की पात्याखाली कुठला हात असणार? ज्याने ही युक्ती काढली त्याच्या पाया पडावं. पण पातळ कागद सरकतो. एका हाताने थप्पी धरून ठेवली तर काम झटपट होतं. म्हणून आमच्याकडे सगळे कटर डाव्या बटणात लाकडाची बारीक पाचर घालतात. बटण दाबलेलंच राहतं, एका हाताने काम चालतं. मी कटिंगला होतो तेव्हा घातली आहे, माझ्या आधीच्या प्रमुखाने घातली आहे, साहेबांनी येता-जाता शंभर वेळा बघितली आहे. पाचरीमुळे दिवसाला दोन-अडीच हजार ताव जास्त निघायचे, आणि ते सगळ्यांना हवे होते.

गेल्या वर्षी शाळांच्या वह्यांचं मोठं काम आलं. तीन आठवड्यांत द्यायचं होतं. पहिल्याच आठवड्यात दाजी माझ्या टेबलाशी आले. हात पुसत म्हणाले, ‘वकीलसाहेब, पातं परत आलं.’

‘परत म्हणजे?’

‘एकदा कापून वर गेलं. मी बटणाला हात लावला नव्हता. पुन्हा खाली आलं. मी कागद काढायला हात घालणारच होतो.’

त्या वेळी मला खरंच वाटलं की त्यांची काहीतरी चूक झाली असणार. पाचर होती, दुसऱ्या बटणाला कोपर लागलं असेल. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, ‘बघतो.’ त्याच संध्याकाळी साहेबांनी मला विचारलं, गुण्या काय म्हणत होता. मी हसत सांगितलं, ‘काही नाही साहेब, वय झालं. भास होतात.’ साहेबही हसले. एवढं एकच वाक्य. ते मी बोललो नसतो तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला वाटतं. पण हेही मी स्वतःची सोडवणूक करायला म्हणत असेन, मला माझा भरवसा राहिलेला नाही.

चार दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, सगळे मागच्या खोलीत डबे उघडून बसले होते. मी ऑर्डरचा कागद शोधत खात्यातून चाललो होतो. दाजींनी मशीनची मोटर चालूच ठेवली होती. वह्यांच्या घाईत आम्ही सगळे तसंच करायचो. मशीनजवळ चिटपाखरू नाही. पाचरही काढलेली, ती टेबलाच्या कडेला पडली होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर दाब खाली आला, त्यामागून पातं खाली आलं आणि वर गेलं. दोन श्वास घेतले असतील नसतील, पातं पुन्हा आलं.

टेबलावर दाजींची सागवानी पट्टी पडली होती, थप्पी ठोकून सरळ करायची. तिचे दोन तुकडे झाले होते.

मी मेन स्विच बंद केला. आता मला सांगा, सरळ माणसाने काय केलं असतं? मागच्या खोलीत जाऊन ओरडला असता, दाजी, तुमचं बरोबर आहे, मशीनला कुणी हात लावू नका. मलाही तेच करायचं होतं. दोन पावलं टाकलीही. मग साहेबांचं हसणं आठवलं. साहेबांना जाऊन सांगायचं की भास दाजींना नाही, मला झाला होता? मेकॅनिक बोलवायचा, मशीन उघडायचं, सुट्टा भाग यायला महिना, वह्या बोंबलणार, आणि हे सगळं माझ्या खात्यात, माझ्या तोंडून. मी पट्टीचे तुकडे उचलले आणि रद्दीच्या पोत्यात खाली खुपसले. दाजी जेवून आले, पट्टी शोधायला लागले. ‘वकीलसाहेब, पट्टी बघितली का?’ मी म्हणालो, ‘नीट शोधा, ठेवली असेल कुठेतरी.’

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमची मीटिंग असते. साहेब, मी, प्रत्येक खात्यातला एकेक जण, आणि टेबलावर तक्रारवही. दाजी एकतीस वर्षांत त्या मीटिंगमध्ये बोलले नव्हते. त्या शनिवारी बोलले. वहीत आधी लिहूनही ठेवलं होतं, गोल गोल अक्षरात: पातं न दाबता दुसऱ्यांदा खाली येतं, आजवर तीन वेळा आलं, मशीन उघडून बघेपर्यंत बंद ठेवावं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला काहीही सांगितलं नव्हतं हो. डोळ्याने खुणावलंसुद्धा नाही. तसं केलं असतं तर आज त्यांच्या नावाने खडे फोडता आले असते. मी आपणहून पुढे सरसावलो.

‘तीन वेळा म्हणता. तिन्ही वेळा पाचर होती?’

‘होती.’

‘पाचर घालायला परवानगी आहे?’

‘नाही. पण सगळेच घालतात.’

‘सगळ्यांचं सोडा, तुमचं विचारतोय.’

‘मी घालतो,’ दाजी म्हणाले. दुसरा असता तर इथे खोटं बोलला असता, नाहीतर माझ्यावर उलटला असता, की तूही घालत होतास. ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही. विचारलं तेवढं त्यांनी सांगितलं.

‘म्हणजे एक बटण दाबलेलंच. दुसऱ्याला नकळत हात लागला नाही, हे छातीठोक सांगता?’

दाजी थांबले. खरंच आठवायला लागले. ‘छातीठोक... तसं कसं सांगू? मला वाटतं नाही लागला.’

‘वाटतं.’ मी साहेबांकडे बघून तो शब्द जरा लांबवला. ‘बरं, दुसऱ्या कुणी पाहिलं?’

दाजींनी टेबलाभोवती सगळ्यांकडे एकदा बघितलं. माझ्याकडेही बघितलं आणि नजर पुढे नेली. ‘कुणी नाही,’ ते म्हणाले.

मी त्या मीटिंगमध्ये एकही खोटं वाक्य बोललो नाही. हे नीट ऐका. मी फक्त प्रश्न विचारले. खोटं बोलणारा परवडला, त्याला कधीतरी पकडता येतं. प्रश्न विचारणाऱ्याला कोण पकडणार? तो तर बिचारा समजून घेतोय! दाजी माझ्या प्रश्नांची उत्तरं शोधत होते, आणि मला उत्तर आधीच ठाऊक होतं, पोत्याच्या तळाशी पडलेलं.

ते गप्प बसले नाहीत. फोल्डिंगच्या बाईंना घेऊन आले. त्यांना दोनदा धप्प आवाज ऐकू आला होता. मी विचारलं, ‘बाई, ऐकलं की पाहिलं?’ बाई म्हणाल्या ऐकलं. ‘मग आवाज दुसऱ्या मशीनचा नसेल कशावरून?’ बाई परत आपल्या कामाला निघून गेल्या. दाजींनी कोणत्या दिवशी, किती वाजता होतं त्याची नोंद ठेवली. मी म्हणालो, ‘तुमच्याच हाताने लिहिलेलं तुमच्याच बाजूने कसं धरायचं?’ शेवटी दाजींच्या आग्रहावरून साहेबांनी मेकॅनिक बोलावला. तो सकाळी आठला आला, मशीन उघडलं नाही, नुसतं चाळीस वेळा चालवून बघितलं. पातं एकदाही चुकलं नाही. दाजी म्हणाले, ‘सकाळी गार असतं. दुपारी तापल्यावर होतं.’ मी दुपारीच पाहिलं होतं ना! मला पक्कं माहीत होतं की माणूस अगदी नेमकं बोलतोय. मी म्हणालो, ‘म्हणजे मशीनलाही जेवण जड होतं का दाजी?’ सगळे खो खो हसले. मेकॅनिकही हसला, सामान आवरून गेला. दाजीही थोडे हसले. चांगला विनोद झाला की ते नेहमी हसायचे.

पण या सगळ्या दिवसांत त्यांनी स्वतःपुरती एक सोय करून घेतली होती. लाकडाच्या लांब काठीला पुढे वाकडा खिळा ठोकला आणि कापलेला कागद हाताने न काढता त्या काठीने ओढून घ्यायला लागले. हात पात्याखाली जायचाच नाही. काम मंदावलं. कामाचा आकडा रोज खाली. मी खात्यासमोर म्हणालो, ‘काय दाजी, गुरं राखायला निघालात का?’ तेव्हाही हशा झाला. काठी मात्र त्यांनी सोडली नाही.

ताईने एकदा मला घरी बोलावून विचारलं, ‘हे खरं बोलत असतील तर?’

मी म्हणालो, ‘खरं असेल तर सिद्ध होईलच की.’

‘मला सिद्धबिद्ध काही सांगू नकोस. ते रोज त्या मशीनपाशी उभे राहतात. तुला काय वाटतं ते सांग.’

‘माझ्या वाटण्याचा प्रश्नच नाही ताई.’

ती म्हणाली, ‘तुझ्या जिभेला हाड नाही,’ आणि चहाचा कप माझ्यासमोर आदळला. तो चहा मी प्यायलो.

त्यानंतर एका रविवारी दाजीच माझ्याकडे आले. डोळ्यांवर नवा चष्मा. मी विचारलं, हे काय. म्हणाले, ‘डोळे तपासून घेतले. म्हटलं, आपल्यालाच चुकीचं दिसत असेल तर?’ डॉक्टरांनी किरकोळ नंबर काढला होता. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, ‘मी आठ दिवस विचार केला. तू विचारलेलं एकेक डोक्यात घोळवत होतो. पाचर होती, हे खरं. कोपर लागलं नाही असं मी शपथेवर सांगू शकत नाही, हेही खरं. मेकॅनिकने चाळीस वेळा चालवलं. दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. एवढं सगळं एका बाजूला आणि मी एकटा एका बाजूला. मला पटलं रे. माझीच चूक होत असणार.’

सांगायची हीच वेळ होती. घरात आम्ही दोघेच. साहेब नाहीत, मीटिंग नाही, कुणी हसणारं नाही. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. भीती नंतर वाटली, लाज तर फार नंतर. आधी छाती फुगली. आजवर इतक्या वादांत कुणी असं घरी चालत येऊन कबूल केलं नव्हतं. मी म्हणालो, ‘जाऊ द्या दाजी, होतं असं.’ मोठ्या मनाने, बघा!

सोमवारी त्यांनी तक्रारवहीत जुन्या नोंदीखाली लिहिलं: माझी तक्रार चुकीची होती, पाचरीमुळे गैरसमज झाला, मागे घेत आहे. खाली सही. मग मशीनपाशी गेले. काठी भिंतीला टेकवून ठेवली. पाचरही घातली नाही त्या दिवशी, चूक सुधारायची म्हणून. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, पातं वर गेलं की हात घालून कागद काढायचा, पुन्हा दोन बटणं. हाताने. मी माझ्या केबिनच्या काचेतून बघत होतो. काठी उचलून त्यांच्या हातात द्यायला मला वीस पावलंही चालावं लागलं नसतं. मी ऑर्डरचे कागद लावत बसलो.

अकराव्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास पातं परत आलं.

उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. जास्त सांगत नाही. त्यांनी आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मोटर बंद कर आधी, दुसरं कुणी येईल जवळ.’

नंतर मशीन उघडलं. आत एक स्प्रिंग थकली होती, तापली की धरायची नाही. मेकॅनिकने ती बदलली, अर्ध्या दिवसाचं काम. भाग त्याच्या पिशवीतच होता. महिना लागणार हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही, मीच मनाशी ठरवलं होतं. आणि स्प्रिंग बदलल्याचं वहीत कुणी लिहिलं नाही, दाजींच्या कानावरही घातलं नाही. लिहिणारा मीच होतो.

चौकशीला बाहेरून एक बाई आल्या. नीट काम करणाऱ्या. म्हणाल्या, आधी तक्रार होती का? मी वही उघडून समोर ठेवली. वर तक्रार, खाली माघार, दोन्ही एकाच गोल अक्षरात. त्यांनी मला विचारलं, ‘हे गृहस्थ मशीन चालवत असताना तुम्ही कधी असं होताना पाहिलंत?’ मी म्हणालो, ‘ते चालवत असताना कधीच नाही.’ खरंच होतं ते. त्या दुपारी दाजी मशीनवर नव्हतेच. बाईंनी लिहून घेतलं. कामगाराचा निष्काळजीपणा.

त्या कागदावर दाजींनी डाव्या हाताने सही केली, वेडीवाकडी. आणि मी दवाखान्यातून त्यांना घरी सोडायला गेलो तेव्हा रिक्षात म्हणाले, ‘तू सांगत होतास सावध राहा म्हणून. मीच कुठेतरी चुकलो.’ मी असं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या प्रश्नांमधून काळजी शोधून काढली होती. मग दर भेटीत तेच. नवीन कटरला निरोप पाठवायचे, बटणांवर नीट लक्ष ठेव, माझ्यासारखं करू नकोस. शेजाऱ्यांना सांगायचे, मशीनचा काही दोष नाही. सव्वा महिना मी हे ऐकलं. माझं जेवण तुटलं. झोपेचं तर विचारू नका. दाजींनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, मला उत्तर देता येतं. हे मला सहन होईना.

शेवटी एका सकाळी त्यांच्या घरी गेलो. दाजी खिडकीशी बसून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होते, ताई दवाखान्यात निघायच्या तयारीत होती. मी उभ्यानेच सांगितलं, ‘दाजी, पातं आपोआप पडत होतं. मी पाहिलं होतं. मीटिंगच्या आधी.’

दाजींचा हात थांबला. ‘तू पाहिलंस?’

‘हो.’

‘कधी?’

‘जेवणाच्या सुट्टीत. तुम्ही आत होता.’

‘पाचर होती?’

‘काढलेली होती. टेबलावर पडली होती.’

‘दोनदा आलं?’

‘दोनदा. तुमची पट्टी तुटली त्यात. मीच टाकून दिली.’

ते एकेक विचारत होते, मी मीटिंगमध्ये विचारलं होतं तसंच. फरक एवढाच की त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि त्यांचा चेहरा, काय सांगू तुम्हाला, उजळत चालला होता. मी रागाची तयारी करून गेलो होतो. एखादी थोबाडीत बसली तर खायची, असं ठरवून गेलो होतो. ते उठून उभे राहिले आणि ताईला हाक मारली, ‘अगं, ऐकलंस का? मला दिसलं ते बरोबर होतं! माझं काही चुकलं नव्हतं. ह्याने स्वतः पाहिलंय.’

ताई पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा तो रस्त्यापलीकडे जाणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. हळू म्हणाली, ‘मग तू त्यांना विचारत काय होतास, कुणी पाहिलं म्हणून?’

आणि माझं तोंड उघडलं. मी रडायला हवं होतं, पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, ‘ताई, तेव्हाची परिस्थिती समजून घे. एकट्या माझ्या सांगण्यावर साहेबांनी मशीन बंद केलंच असतं असं नाही. आणि तसं बघितलं तर पाचर...’

दाजी पुन्हा खुर्चीत बसले. मान खाली घालून, नेहमीसारखे, लक्ष देऊन. म्हणाले, ‘थांब, त्याला बोलू दे. त्याची काय अडचण होती ते कळू दे.’

ताईने माझ्या दंडाला धरलं आणि दाराबाहेर काढलं. ‘तू जा,’ ती म्हणाली. ‘अजून पाच मिनिटं बोललास तर त्यांना पटेल. म्हणून जा. आणि परत येऊ नकोस.’

तिने दार लावलं. मी जिन्यात उभा राहून चपला घालत होतो. आतून दाजींचा आवाज येत होता, ‘अगं, असं काय करतेस? त्याचं ऐकून तरी घ्यायचंस.’